मऊ बर्फाचे बूट

ऊर्मिला बर्फात धडपडली असती, हात मोडून घेतला असता, तर कुणी चकार शब्द काढला नसता. पण ती बसली. मागच्या मार्चमध्ये, जर्मनीतल्या आल्गॉयच्या डोंगरात, सगळा ग्रुप ऐन रंगात आलेला असताना बाई उतारावर फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्याच्यानं आता होणार नाही." बूट असे चावत होते की डोळ्यांतून घळाघळा पाणी. गाइड होती कात्या नावाची, उन्हानं रापलेली, मोजकं बोलणारी. तिनं तोंड वाकडं केलं नाही, पण सगळ्यांना गोळा करून ती पिस्टवर, म्हणजे मशीननं दाबून गुळगुळीत केलेल्या रोजच्या वाटेवर, परत घेऊन आली. सगळ्यांच्या दिवसाचा विचका झाला. परतीच्या बसमध्ये मैथिली खिडकीला डोकं लावून बसली आणि घर, म्हणजे न्युरेम्बर्ग, येईपर्यंत आईशी एक अक्षर बोलली नाही. एकोणीस वर्षांची पोर, भांडली असती तरी ऊर्मिलाला बरं वाटलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, कराडच्या उन्हात वाढलेल्या बाईला पन्नाशीत हे बर्फाचं खूळ कुठून लागलं? लागलं खरं. मैथिली लहान असताना तिला स्की शिकायला न्यायचं म्हणजे आईबापांनी कडेला उभं राहून कुडकुडायचं. नुसतं उभं राहून गोठण्यापेक्षा घसरून पडलेलं परवडलं, म्हणून ऊर्मिला शिकली. तिचा नवरा हृषिकेश थर्मासमधला चहा राखत बसला तो आजतागायत तिथेच बसलाय. ऊर्मिलाला पिस्ट जमायला लागली, चारचौघींना जमते तेवढी, आणि विषय तिथेच मिटला असता. पण पोर मोठी झाल्यावर एकदा दोरावरच्या पाळण्यातून, म्हणजे लिफ्टमधून, वर जाताना तिनं खाली एक बाई पाहिली.

पिस्ट सोडून, झाडांच्या पलीकडे, कुणाचा माग नसलेल्या बर्फात. पाठीवर पांढरी वेणी. बर्फ गुडघाभर, आणि ती त्यात बुडायची, वर यायची, पुन्हा बुडायची. आवाज म्हणून नाही. पिस्टवर स्कीच्या कडा घासून जी खरखर होते तीही नाही. तिच्या मागे पिठीसाखर उधळावी तसा बर्फ उडायचा आणि सावकाश खाली बसायचा. लिफ्ट पुढे सरकली, बाई झाडांआड गेली. ऊर्मिला वर पोचली तेव्हा उतरायचंच विसरली, लिफ्टवाल्यानं ओरडून तिला उतरवलं.

तेव्हापासून ते स्वप्न तिच्या मागे लागलं. ऑफिसात सॉफ्टवेअरच्या चुका शोधता शोधता, भाजी परतता परतता, ट्राममध्ये, कुठेही. झोपेत तर हमखास. स्वप्नातला उतार संपायचा नाही. ती खाली खाली जात राहायची आणि कशाचंच ओझं वाटायचं नाही, ना घराचं ना अंगाचं. आणि गंमत अशी की स्वप्नात तिला पाय नसायचेच. जागेपणी मात्र सगळं लक्ष पायांत! पुढून ऐसपैस पसरलेले, वरून उंच, चपलांत मोकळे वाढलेले पाय. स्कीच्या बुटात गेले की थोड्याच वेळात बोटं बधिर व्हायची आणि मग सबंध पाऊल ठणकायला लागायचं. मैथिली मैत्रिणींबरोबर झाडांपलीकडे नाहीशी व्हायची, आणि ऊर्मिला कॅफेत बसून टेबलाखाली बक्कल सोडायची.

या वर्षी मैथिलीनं रविवारच्या टूरला पुन्हा दोघींची नावं दिली. पोरीला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र जर्मन. तिचं बोलणं आपण आपल्या सोयीनं मराठीत ऐकू. ती म्हणाली, "आई, कात्या हो म्हणालीये, पण तिची अट आहे. तुला परत फिरावं लागलं तर तुझ्याबरोबर मीही परत फिरायचं. बाकीचे पुढे जाणार."

"म्हणजे माझ्यापायी तुझाही दिवस जाणार."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मैथिली म्हणाली. मग दुसरीकडे बघत, "मी शेवटचं विचारतेय, आई. या वेळी नाही जमलं तर पुढच्या वर्षीपासून मी माझी जाईन. तुला नेणार नाही."

 लेक बरोबर बोलत होती, हेच ऊर्मिलाला जास्त लागलं.

तर आता बुटांचं. ऊर्मिलाकडे बूट नव्हते असं नाही, चांगले दोन जोड माळ्यावर पडले होते. दोन्ही चुकीचे. हृषिकेशचं म्हणणं, "एक साइझ मोठा घे, आत दोन मोजे घाल, फिट्ट बसेल." हा माणूस मोठ्या कंपनीत मशीनचे सुटे भाग केसाच्या जाडीइतके बिनचूक बसवतो, पण बायकोच्या पायाची गोष्ट निघाली की शाळेतले वाढत्या मापाचे बूट आठवतात त्याला! पण सगळा दोष त्याच्यावर ढकलून चालायचं नाही. खरी गोम वेगळीच होती आणि ती ऊर्मिलानं कुणाला सांगितली नव्हती.

दुकानात बूट दाखवणारे बहुतेक वयस्कर असायचे. ते समोर बसायचे, गुडघ्यावर, नाहीतर बुटक्या स्टुलावर, आणि हात पुढे करून म्हणायचे, पाय द्या. वडिलांच्या वयाचा माणूस आपल्या पायाशी बसलाय, आपलं पाऊल हातात धरतोय, आणि आपण वर महाराणीसारख्या? शिव शिव! ऊर्मिलाच्या अंगावर काटा यायचा. आपल्याकडे चुकून कुणा मोठ्याला पाय लागला तर नमस्कार करतात, आणि इथे सरळ मांडीवर पाय ठेवायचा? त्या माणसाला लवकरात लवकर उठवायचा एकच उपाय तिला ठाऊक होता. बूट पायात शिरला न शिरला की ती म्हणायची, "पास्ट, पास्ट!" म्हणजे बसला, छान बसला. माणूस बिचारा उठायचा, पैसे दिले जायचे, आणि पुढचा सगळा हिवाळा पाय बोंबलत बसायचे.

शनिवारी मायलेकी दुकानात गेल्या. गल्लीतलं जुनं दुकान, आत लोकरीचा आणि गरम प्लास्टिकचा वास, काचेबाहेर भुरभुर बर्फ. हेर लिंडनर, म्हणजे लिंडनरसाहेब, म्हणून मालक होते, सत्तरीकडे झुकलेले, डोक्यावर कापसासारखे केस. त्यांनी आधी बूट दाखवलेच नाहीत. विचारलं, "आल्झो, तर मग, जायचं कुठे?"

"मऊ बर्फात," ऊर्मिला म्हणाली. इतक्या हळू, की जणू काही चोरीचा माल मागतेय.

म्हातारा हसला. त्यानं फळीवरून दोन बूट काढले. एक काळा, चकाकता, दगडासारखा कडक. "हा पिस्टवर वेगानं जाणाऱ्यांचा. जरा झुकलात की लगेच स्कीला कळतं." दुसरा राखाडी, पुढून रुंद, मागच्या बाजूला एक खटका. खटका उघडला की घोटा मोकळा होतो आणि चढ चालता येतो. "हा तुमच्याबरोबर वाकतो. मऊ बर्फात घाई करायची नसते. पण पायात नीट बसायला हवा, नाहीतर दोन्ही सारखेच." असं म्हणून त्यांनी बुटकं स्टूल ओढलं, एक गुडघा धरून "हं" करत खाली बसले आणि हात पुढे केला.

ऊर्मिलाचे पाय बाकाखाली पार आत गेले.

"पाय द्या, बिट्टे, प्लीज."

"पास्ट," ऊर्मिला म्हणाली.

हेर लिंडनर तिच्याकडे बघत राहिले. मैथिली म्हणाली, "आई, बूट अजून घातलाच नाहीये."

 मग मैथिलीला हसू आलं, आणि हसता हसताच ती चिडली. "तू दर वेळी हेच करतेस! मी बघितलंय. दुकानात 'छान आहे', घरी आल्यावर 'छान आहे', आणि डोंगरावर रडतेस. मला उद्या परत फिरायचं नाहीये, आई. मला खरंच परत फिरायचं नाहीये!"

तिचे डोळे भरले होते. ते पाहिलं आणि ऊर्मिलाचा बांध फुटला. "अगं, कसा देऊ पाय? आजोबा आहेत ते! गुडघा दुखतोय त्यांचा, दिसत नाही का तुला? त्यांनी माझे पाय धरायचे आणि मी इथे वर बसायचं? माझ्याच्यानं नाही बघवत. म्हणून म्हणते बसला, बसला. उठा बाबा एकदाचे!"

मैथिलीनं आ वासला. "म्हणजे इतकी वर्षं तुझे पाय दुखले ते यासाठी?"

"हसू नकोस."

"मी हसत नाहीये," मैथिली म्हणाली, आणि खरंच ती हसत नव्हती. तिनं हेर लिंडनरना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळ खाजवलं, आणि म्हणाले की खुर्चीवर बसून काम करायला त्यांची ना नाही, पण मग पाऊल दिसणार कसं? हेही खरंच होतं. 

मग ऊर्मिला उठली. कोट काढून बाकावर ठेवला, आणि सरळ खाली गालिच्यावर मांडी घालून बसली. "तुम्हीपण खाली या," ती म्हणाली, "स्टूल नको." म्हातारा आधी गोंधळला, मग स्टूल बाजूला सारून, एक पाय लांब करून, तिच्यासमोर खाली टेकला. आता कुणी वर नव्हतं, कुणी खाली नव्हतं. मटार सोलायला बसल्यासारखी दोघं समोरासमोर बसली होती. ऊर्मिलानं पाय पुढे केला. म्हाताऱ्याचा हात लागताच तिनं त्याच्या मनगटाला बोटं टेकवली आणि ती आपल्या कपाळाला लावली. "हे काय?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला पाय लागला म्हणून," ती म्हणाली. त्यांनी मान डोलावली. मग त्यांनीही अगदी गंभीरपणे तिच्या पावलाला बोटं लावून कपाळाला टेकवली, आणि मैथिली खो खो हसत सुटली.

मग कामाला सुरुवात झाली. बुटाचं आतलं मऊ अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालायला लावला, बोटं पुढे टेकवली, टाचेमागे किती जागा उरते ते पाहिलं. दोन बोटं शिरली तर ठीक, मूठ शिरली तर बूट मोठा. माळ्यावरच्या बुटांत मूठच काय, पोळीचा डबा मावला असता! लांबीला ढगळ, रुंदीला मात्र आवळ. मोजा एकच, तोही पातळ. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे टेकला तेव्हा ऊर्मिला दचकली, पण गुडघे वाकवले तशी टाच मागे बसली आणि बोटं मोकळी झाली. आजवर तिनं गुडघे वाकवेपर्यंत धीरच धरला नव्हता.

"इथे लागतंय?"

ऊर्मिला नेहमीप्रमाणे नाही म्हणणार होती. मैथिली बघत होती. "हो," ती म्हणाली. "करंगळीला लागतंय."

"आणि इथे?"

"हो. तिथेही."

कुठे दुखतंय हे कुणी विचारावं आणि आपण खरं सांगावं, हे तिनं किती वर्षांत केलं नव्हतं कोण जाणे. एकदा सांगायला लागली ती मग थांबेना. घोट्याच्या आतल्या बाजूला, पावलाच्या वर, डाव्याला जास्त, उजव्याला जरा कमी. हेर लिंडनर खडूनं खुणा करत गेले. काळा बूटही घालून पाहिला. त्यात ती उंच दिसत होती, ऐटदार दिसत होती, आणि पाय चोरून उभी होती. "हा नको," ती म्हणाली. कुणी काही विचारायच्या आत म्हणाली.

राखाडी बुटाची कवचं गरम करून करंगळीपाशी फुगवली, अस्तरं तापवली, आणि तिला उभं केलं. हलायचं नाही, बक्कल लावलेलीच ठेवायची, अस्तर पायाचा आकार घेईपर्यंत. ती ऊब पावलांतून पोटऱ्यांत चढली, पोटऱ्यांतून वर. तिनं बाकाच्या पाठीला हात टेकला आणि डोळे मिटले. बाहेर बर्फ पडतच होता. उभ्या उभ्या तिला ते स्वप्न पडलं, तोच उतार, तीच शांतता. फक्त या वेळी स्वप्नात तिला पाय होते. गरम, मऊ, बर्फात पुढे पुढे जाणारे, तिचे स्वतःचे पाय. हेर लिंडनर आणि मैथिली हलक्या आवाजात काहीतरी बोलत होते आणि ते बोलणं फार लांबून येत होतं. "झोपली का?" म्हाताऱ्यानं विचारलं. "माहीत नाही," मैथिली म्हणाली, "पण उठवू नका."

रविवारी उजाडता उजाडता बस निघाली. हृषिकेश स्टॉपपर्यंत सोडायला आला होता, खिडकीबाहेरून ओरडला, "जाड मोजे घेतलेस ना गं?" ऊर्मिलानं हात हलवला. घेतले होते, आणि बसमध्येच ठेवायचे असं मनाशी ठरवलंही होतं.

वर ऊन पडलं होतं. रात्रभर पडलेला बर्फ वाऱ्यानं हललाही नव्हता. कात्यानं हिमस्खलनाचा इशारा सर्वांत खालच्या पायरीवर असल्याचं पुन्हा सांगितलं, प्रत्येकाच्या छातीवरचं, बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारं सिग्नलचं यंत्र तपासलं, ऊर्मिलाच्या बुटांकडे एक नजर टाकली आणि पुढे झाली. लिफ्टच्या टोकापासून पुढे थोडा चढ होता. ऊर्मिलानं मागचा खटका उघडला आणि चालू लागली.  आता दुखेल, आता दुखायला लागेल, असं ती प्रत्येक पावलाला म्हणत होती. पाऊल पडत होतं आणि दुखत नव्हतं. आता याच्यावरही विश्वास बसेना तिचा!

चढ संपला तिथे खिंड होती आणि पलीकडे तो उतार. एकही रेघ नाही. खाली लांबवर झाडांचा काळा पट्टा, त्याच्याही खाली धुकं. कात्या म्हणाली, एकेकानं यायचं, आधीचा थांबला की पुढच्यानं निघायचं, आणि ती सरळ खाली जाऊन झाडांपाशी उभी राहिली. एकेक जण गेला. मग दोघीच उरल्या.

"मी पुढे जाते," मैथिली म्हणाली. "मध्यावर तो खडक दिसतोय ना, बर्फातून डोकं काढलेला? त्याच्या बाजूला सुरक्षित जागा आहे, तिथे मी थांबते. तूही तिथे थांब. पाय बघू, श्वास घेऊ, आणि मग उरलेलं. नाही जमलं तर तिथून डावीकडे पिस्ट आहे. मी असेनच."

"बरं," ऊर्मिला म्हणाली. मैथिली गेली. तिची लाल टोपी खडकापाशी थांबली आणि हात वर झाला.

ऊर्मिलानं मागचा खटका बंद केला, बक्कल लावली. बोटांवरची सैल, पावलावरची घट्ट. "आई आई गं," असं कुणालाच न म्हणता म्हणाली आणि निघाली.

पहिल्याच वळणाला ती कमरेपर्यंत बर्फात आडवी झाली. तोंडात बर्फ, मानेत बर्फ. कुणी हसलं असतं तरी ऐकू आलं नसतं, इतकी शांतता होती. ती उठली, झटकली, पुन्हा निघाली. घाई करायची नसते. गुडघे वाकवले, बूट वाकला. बर्फानं तिला वर उचललं आणि हलकेच खाली सोडलं. पुन्हा उचललं. अरे! ती मोठ्यानं म्हणाली, अरे! बर्फ मांड्यांवरून वाहत होता, छातीवर उडत होता, उन्हात चमकत होता, आणि ती त्यातून खाली चालली होती, नुसती चालली होती. किती वळणं झाली कळलं नाही. दुखतंय का ते बघायचं राहून गेलं. ऑफिस नव्हतं, न्युरेम्बर्ग नव्हतं, उद्याचा डबा नव्हता. समोर जो शुभ्र उतार येत होता तेवढंच होतं. शेवटी झाडं मोठी झाली, कात्याच्या जाकिटाचा निळा रंग दिसला, आणि ती थांबली. थांबावं लागलं म्हणून थांबली.

कात्यानं अंगठा वर केला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. ऊर्मिला धापा टाकत हसत होती, हसू आवरत नव्हतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसावंसंही वाटत नव्हतं. मग तिनं वळून वर पाहिलं.

उतारावर, अगदी मध्यावर, खडकापाशी लाल टोपी अजून उभी होती. हात अजून वर होता.

 पोरगी! पोरीला ती विसरली होती. तिच्या अंगावरून, तिच्या वर केलेल्या हातासमोरून ती निघून आली होती आणि तिला दिसलंही नव्हतं. मैथिली जन्मल्यापासून असं कधी झालं नव्हतं. ताप असो, मीटिंग असो, परगाव असो, डोक्याच्या एका कोपऱ्यात पोरगी असायचीच. आज तो कोपराच नव्हता. लाल टोपी हलली आणि खाली येऊ लागली, सुरेख, सफाईदार, आणि ऊर्मिला चोरासारखी उभी राहिली.

मैथिली तिच्या पुढ्यात येऊन थांबली. गाल लाल, पापण्यांवर बर्फ. "तू थांबली नाहीस."

"हो गं."

"मी हात केला होता. हाकही मारली. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस."

ऊर्मिलाच्या ओठांवर आलं होतं की ऊन डोळ्यांवर होतं, टोपी दिसली नाही, वेग आवरला नाही. पण ती म्हणाली, "मी विसरले तुला. खरंच विसरले, मैथू. बर्फात शिरले आणि तू आहेस हेच डोक्यातून गेलं. सॉरी."

 मैथिलीचा चेहरा फुलला, लहानपणी दात पडल्यावर फुलायचा तसा. "एंडलिश!" ती ओरडली. एकदाचं झालं! तिनं आईला मिठी मारली, दोघींच्या स्की खाडकन आपटल्या, आणि ती रडायलाच लागली. "मी वर उभी राहून घाबरले होते, की तू माझ्यासाठीच जातेयस. मला बरं वाटावं म्हणून. नेहमीसारखी."

"नाही गं," ऊर्मिला म्हणाली, आणि बोलताना तिचं तिलाच नवल वाटलं. "माझ्यासाठी गेले."

कात्यानं लांबून हाक मारली. पुन्हा वर जायचं असेल तर आत्ताच, दुपारी बर्फ जड होतो. मैथिलीनं नाक पुसलं, आईच्या पाठीवरचा बर्फ झटकला, आणि लिफ्टकडे वळता वळता म्हणाली, "या वेळी तू पुढे जा. मी तुझ्या मागून येते."